सासऱ्याने दिलेलं उत्तर

धुळे,
शनिवार, ६ मार्च १९७६

चि. भिकन,

अक्काचा आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी मिळालं. त्याआधी मेहरूणला आईकडे जाऊन आले. गुडघे सोडले तर ती ठणठणीत आहे. आपला भिकन मुंबईत कॉम्प्युटरवर काम करतो, हे सांगून सांगून तिने शेजारणींना बेजार केलंय. कॉम्प्युटर दिसतो कसा, असं कोणी विचारलं की म्हणते, लोखंडी कपाटासारखा. मी तरी कुठे पाहिलाय.

तू लिहिलंस की सगळ्या दवाखान्यांत मी पेशंटना विचारून भरलेले फॉर्म सर्वांत स्वच्छ, एकही यंत्राने परत पाठवला नाही, साहेबांनी माझं नाव घेतलं. वाचून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

ते परत का येत नाहीत ते सांगते. पहिल्या महिन्यात माझे अकरा फॉर्म परत आले होते, चौकोन रिकामा राहिला म्हणून. मग मी शिकले. उत्तर मिळालं नाही की 'नाही'वर खूण करायची. तुम्ही तिकडे त्याची भोकं पाडलेली कार्डं करता, आणि कोणाला आधी बोलवायचं त्याची यादी यंत्रातून निघते. यंत्र खूश, तू खूश.

तुझ्या फॉर्मच्या आधी, मंगळवारी मनाच्या आजाराचे पेशंट आले की मी काय करायची, ते तू कधी विचारलं नाहीस. बाईबरोबर आलेल्या सासऱ्याला नाहीतर नवऱ्याला केसपेपरवर शिक्का आणायला पिटाळायची. शिक्क्याची काही गरज नसायची. केसपेपरच्या खिडकीवरचा तोताराम मुद्दाम वेळ लावायचा. तेवढ्यात बाई पदर मागे सारून बोलायची. आता एक वाजेच्या टपालाआधी तीस फॉर्म. पिटाळायला वेळ कुठे आहे?

दहा फेब्रुवारीला धनसिंग आबा त्यांच्या सुनेला, कमलबाईला, घेऊन आले. वय बावीस. पदर हनुवटीपर्यंत. त्यांच्याकडे सून सासऱ्यासमोर शब्द काढत नाही, हे तुला सांगायला नको. मी फॉर्म वाचत गेले, आबा उत्तरं देत गेले. "जेवस, झोपस, बठ्ठं बरं शे. फक्त गप्प ऱ्हास." नववा प्रश्न, जीव नकोसा वाटतो का. आबा रागावले. "आमना घरमा आसं काही नही."

मी 'नाही'वर खूण केली.

यादीत कमलबाईला सहा आठवड्यांनी बोलावलं होतं. महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर यादीप्रमाणेच पेशंट बघतात. बाराव्या दिवशी तिने जीव दिला.

एवढं तू फॉर्मची चूक म्हणून साहेबांना सांगू शकशील. पण मी अजून सगळं लिहिलेलं नाही. नववा प्रश्न वाचला तेव्हा टेबलाखालून तिने माझं मनगट धरलं. घट्ट. मी खूण करून कागद उलटला तरी सोडलं नाही. मला कळलं होतं, भिकन. वीस वर्षं नर्स म्हणून हेच काम करतेय, मला न कळायला काय झालं? पण बाहेर सतरा जण उभे होते, आणि हे लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. समासात लिहिलं असतं तर यंत्राने मला खाल्लं असतं का? मी हळूच तिची बोटं सोडवली आणि पुढच्याला हाक मारली.

या मंगळवारी तिची आई सुंदरबाई एकटीच आली. "मनी पोर तुमले काही बोलनी व्हती का?" मी म्हटलं, नाही, तुमची मुलगी काही बोलली नाही. माउली मला नमस्कार करून गेली.

वीस तारखेला तू पंधरा दवाखान्यांसाठी हाच फॉर्म जळगावला छापायला टाकणार आहेस. टाकू नकोस. उत्तर कोणी दिलं, हे फॉर्ममध्ये आधी विचार. चौकोन रिकामा असला तर फॉर्म परत पाठवू नकोस, त्या बाईलाच पहिली बोलाव. आणि छापण्याआधी एक मंगळवार माझ्याशेजारी येऊन बस. साहेबांना माझं नाव सांग. नोकरी गेली तर जाऊ दे.

उद्या सकाळच्या एस.टी.ने सुंदरबाईंच्या गावी जातेय. त्यांनी दार लावून घेतलं तर ओट्यावर बसून सांगेन, की तुमच्या मुलीने मदत मागितली होती, आणि मला ते समजलं होतं.

तुझी अक्का,
सुनंदा