मधल्या स्पीकरमधली मेधा

१४ डिसेंबर, डोंबिवली

बरेच दिवस इकडे ब्लॉगवर फिरकलो नाही, माफी असावी. घरी बनवलेले टॉवर स्पीकर अखेर वाजले. बायकोची, मेधाची, नागपूरला बदली झाल्यापासून संध्याकाळी दुसरं करणार तरी काय? तिच्याच गाण्याचं रेकॉर्डिंग लावलं. खालचा जाड आवाजाचा वूफर, वरचा बारीक आवाजाचा ट्वीटर छान. मधल्या स्पीकरमधून तिचा आवाज मात्र नाकातून येतो. तिघांत आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर पुन्हा पुन्हा बदलला. शेवटी फोनवर तिलाच ऐकवलं.

"अरे, मी अशीच गाते! लग्नाला इतकी वर्षं झाली, आज कळलं?" खूप हसली.

मग मी इतके दिवस कोणत्या आवाजाशी जुळवत होतो? आठवणीत मीच तो गोड करून ठेवला का? मधला स्पीकर बरोबर की माझे कान? ती समोर बसून गायल्याशिवाय कसं ठरवू?

उद्या: नागपूरचं तिकीट काढणे.