थॉर्नमूर राक्षस निर्मूलन सहकारी संस्था, मर्यादित

१२ जून १९९९, शनिवार. सकाळी १०.३०
आजपासून रोजनिशी नियमित. गेल्या तीन वेळांसारखं नाही.

सकाळची बॅच संपली. नऊपैकी चार आले. मलकापुरात कॉम्प्युटर क्लास काढणारा पहिला माणूस मी, पण लोकांना अजून टायपिंगच हवं.

अफताब येऊन सीडी देऊन गेला. कराडात त्याचं कॉम्प्युटरच्या पार्टचं दुकान आहे. ‘थॉर्नमूर’ म्हणून नवा गेम निघालाय. इंटरनेटवरून खेळायचा. जगभरातले हजारो लोक एकाच वेळी एकाच जंगलात, तलवारी, जादू, राक्षस वगैरे. अफताब म्हणाला, गड्या, तू बघ आन सांग, दुकानात ठेवू का नको. एवढी जबाबदारी या भागात दुसऱ्या कुणावर टाकणार?

लगेच साप्ताहिकाच्या लालासाहेबांना फोन करून परीक्षण देतो म्हणून सांगितलं. संपादक असून उत्साह शून्य. म्हणाले, द्या, पण छोटं द्या.

संकल्प: आठ दिवसांत गेम संपवायचा. नवव्या दिवशी लेख.

१३ जून, रविवार
इन्स्टॉल व्हायला तीन तास. नाव विचारलं. ‘सरसेनापती प्रशांत’ टाकलं. दहाच इंग्रजी अक्षरं बसतात म्हणे. म्हणजे आता जगापुढं माझं नाव ‘सरसेनापत’.

मॉडेम पाचव्या प्रयत्नात लागला. पहिली पाच मिनिटं काळोख. मग एका वेशीवर उतरवलं आणि दिलं सोडून. कुठं जायचं, कुणाला भेटायचं, पत्ता नाही. चौकशीची खिडकी नाही. दुकानदार एकच वाक्य परत परत बोलतो. घासाघीस केली तर पाठ फिरवतो. लोक नुसते इकडून तिकडं पळतायत. ‘गाव कुठलं?’ असं इंग्रजीत सात जणांना विचारलं. एकानेही थांबून उत्तर दिलं नाही. संस्कार नाहीत.

पहिली लढाई: बदक.
निकाल: बदक.

कारण तांत्रिक आहे. मी तलवार उगारतो तेव्हा बदक समोर असतं. आपली लाइन अशी की तलवार पडेपर्यंत ते माझ्या मागं आलेलं असतं. यात माझ्या युद्धकौशल्याचा संबंध येत नाही. लेखाचं पहिलं वाक्य सुचलं: ‘थॉर्नमूर ही शुद्ध फसवणूक आहे.’

संध्याकाळपर्यंत बदकाकडून आणखी सहा वेळा.

१४ जून, सोमवार. सकाळी ८.४०
शाळा सुरू. आम्रपाली आत्ताच गेली. बायको जिल्हा परिषदेची मास्तरीण, शाळा वडूजच्या पलीकडं. जायला दोन तास, यायला दोन तास, वर फाट्यापासून चालणं. सहा वर्षं झाली. गुडघा सुजतो तिचा.

यंदा मलकापुरातच जागा रिकामी झालीय, घरापासून आठ मिनिटांवर. यादीत पहिलं नाव तिचं. बदलीचं बघणारे भाऊसाहेब म्हणाले, मॅडम, ऑर्डर निघाली की घरी फोन करतो, त्याच दिवशी पाचच्या आत येऊन सही करायची, न्हाईतर पुढच्या नावाला द्यावं लागतंय. शाळेत फोन नाही, म्हणून घरचा नंबर दिलाय. फोन आला की मी मोटरसायकलवर वडूजला जाऊन तिला घेऊन यायचं.

जाताना दारातून दोनदा म्हणाली, अहो, अकरा ते तीन फोन मोकळा ठेवा, पंचवीस तारखेपर्यंतच फक्त. म्हटलं, हे काय सांगणं झालं?

दु. १२
फोन मोकळा ठेवला आहे.

दु. १२.४०
सरकारी माणूस पहिल्याच दिवशी फोन करेल हे शक्य नाही. अर्धा तास जोडतो. लेखाचं काम आहे, करमणूक नव्हे.

दु. ३.१५
सुटलो.

१५ जून, मंगळवार
या गेममध्ये काय चुकतंय ते कळलं. संघटन नाही. एकेकटे लढतात आणि एकेकटे मरतात. पुलावर ट्रोल जातीचा एक राक्षस बसलाय, झाडाएवढा. पलीकडं कुणालाच जाऊ देत नाही आणि लोक रांग लावून मार खातात. यांना सहकार माहीत नाही. आपला सगळा जिल्हा ज्यावर उभा राहिला ती गोष्ट बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आली नाही.

मी वाचनालयाचा सात वर्षं सेक्रेटरी होतो. तो अनुभव वाया जाणार नाही. चार सभासद जमवले. एक स्वीडनचा, एक मनिलाचा, एक लंडनची बाई (हे तिचंच म्हणणं) आणि एक जो फक्त ‘लोल’ म्हणतो. ‘थॉर्नमूर राक्षस निर्मूलन सहकारी संस्था, मर्यादित’ स्थापन. चेअरमन: मी, बिनविरोध.

स्वीडनवाल्याने विचारलं, आत्ताच जाऊन ट्रोलला मारूया का? त्याला समजावलं की आधी पोटनियम, मग सर्वसाधारण सभा. नोटीस सात दिवसांची. सभा मंगळवार २२ जून, भारतीय वेळ सकाळी ११, विहिरीजवळ.

घरी आल्यावर आम्रपालीने विचारलं, फोन आला का? नाही म्हटलं. आला नव्हताच. खोटं बोललो नाही.

१७ जून, गुरुवार
पोटनियमांचं काम जोरात. बत्तीस कलमं. सगळं इंग्रजीत टाइप करायचं म्हणजे चेष्टा नाही.

आज आबांनी मध्येच रिसीव्हर उचलला आणि लाइन तुटली. कलम १४ गेलं. आबा, म्हणजे माझे वडील, एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. आजही घरातल्या प्रत्येक गोष्टीवर नजर ठेवून असतात. फोनवर कागद चिकटवला: ‘रिसीव्हर उचलू नये.’ आबा वाचून म्हणाले, आरं, मंग फोन वाजल कवा?

जुन्या माणसांना तंत्रज्ञान समजावणं अवघड आहे.

संकल्प: दर तासाला दहा मिनिटं लाइन सोडायची. म्हणजे आबांचंही समाधान, भाऊसाहेबांचीही सोय.

१८ जून, शुक्रवार
दहा मिनिटांची योजना व्यवहार्य नाही. एकदा सोडली की परत लागायला अर्धा तास जातो. भाऊसाहेबांना खरंच गरज असेल तर ते परत करतील. गरजवंत माणूस परत करतोच.

बदकाला मारलं! मग कळलं की ते दुसऱ्या कुणीतरी अर्धं मारून सोडलेलं होतं. तरी मारलं.

१९ जून, शनिवार
उद्या लेख द्यायचा होता. लालासाहेबांना कळवलं की विषयाचा आवाका वाढलाय. म्हणाले, कसला विषय?

२१ जून, सोमवार
सभेचा अजेंडा तयार. (१) मागील सभेचा वृत्तांत कायम करणे. मागील सभा झालेली नाही, पण हा विषय पहिला असतोच. (२) ट्रोलला मारण्यास मंजुरी. (३) आयत्या वेळचे विषय.

आम्रपालीचा गुडघा जास्त सुजलाय. आबांनी विटेने शेकून दिला. ती म्हणाली, या आठवड्यात ऑर्डर निघतीय म्हणतायत, उद्या-परवा फोन येईलच. म्हटलं, तू निर्धास्त राहा, मी दिवसभर फोनपाशीच बसून असतो. हे शब्दशः खरं आहे. मॉडेम फोनच्या शेजारीच आहे.

२२ जून, मंगळवार. दु. ४
सविस्तर लिहितो, कारण इतिहासात नोंद राहिली पाहिजे.

सकाळी ११ ला मी हजर. दुसरं कोणी नाही. गणपूर्तीसाठी तीन हवेत. नियमाप्रमाणे अर्धा तास सभा तहकूब केली. मी एकटाच होतो, पण तशी मोठ्या अक्षरांत घोषणा केली. साडेअकराला मनिला आणि ‘लोल’ आले. पाऊणला स्वीडन आणि लंडनची बाई.

पहिला विषय टाळ्यांच्या गजरात मंजूर. (‘लोल’ने नाच केला. तो टाळ्या धरला.) दुसऱ्या विषयाच्या वेळी स्वीडन म्हणाला, इथं बसून काय करायचं, पुलावर जाऊ. सगळे चालायला लागले. चेअरमनला सोडून सभा चालली म्हटल्यावर मलाही जावं लागलं.

पुलावर ट्रोल उठून उभा राहिला. मी ताबडतोब कलम ९ ची आठवण करून दिली: ठरावाला सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय कुणीही शस्त्र उगारू नये. सूचक मनिला झाला. मी विचारलं, अनुमोदक? स्वीडनने विचारलं, हे काय असतं? त्याला मी समजावून लिहीत होतो. चांगलं लिहिलं होतं. पाठवण्यापूर्वी ट्रोलने आमच्या पाचही जणांना मारलं.

मेल्यावर गेममध्ये भूत होऊन फिरायचं असतं. भुतांची सभा पुढं चालू झाली आणि आयत्या वेळच्या विषयात माझ्यावर अविश्वास ठराव आला. सूचक स्वीडन, अनुमोदक लंडन. आता कळलं त्याला अनुमोदक काय असतं! चार विरुद्ध एक, कलम १४ प्रमाणे दोन तृतीयांश पूर्ण. बाकीची एकतीस कलमं धाब्यावर बसवली आणि हे एक बरोब्बर पाळलं. नव्या चेअरमनपदी ‘लोल’.

त्यानंतर ते चौघे गेले आणि बारा मिनिटांत ट्रोलला मारून आले. मी नोंदवलं की ही कृती बेकायदेशीर आहे.

आबांनी दुपारी दारातून तीनदा हाक मारली. सभेत होतो. शेवटी म्हणाले, पोष्टापाशी भाऊसाहेबांचा शिपाई भेटला हुता, तुमचा फोन का लागंना म्हणत हुता. म्हटलं, बघतो. पावणेचारला रिसीव्हर कानाला लावून बघितला. डायल टोन स्वच्छ. म्हणजे आपल्याकडून दोष नाही.

२३ जून, बुधवार
संतापात लेख लिहून काढला. एका बैठकीत अकरा पानं. ‘थॉर्नमूर: लोकशाहीची हत्या’. गेममध्ये चित्रं भडक, आवाज कर्कश, माणसं कृतघ्न. अफताबला सांगितलं, दुकानात अजिबात ठेवू नको. तो म्हणाला, गड्या, तू धा दिवस तिथंच हायस की! परीक्षणासाठी, म्हटलं.

संध्याकाळी आम्रपालीने विचारलं, आज आला का? नाही म्हटलं. आज दिवसभर फोन मोकळा होता. खरोखर होता.

२४ जून, गुरुवार
सहा वाजता स्वप्ना मॅडम आल्या. आम्रपालीच्या ओळखीच्या, उंब्रजच्या शाळेत आहेत. दारातूनच आबांना जयभीम केला आणि पेढ्यांचा बॉक्स पुढं धरला. मलकापूरची ऑर्डर मिळाली. यादीत दुसरं नाव त्यांचं होतं. मोकळेपणाने बोलत होत्या, मनात काही नाही. म्हणाल्या, ताई, मला वाटलं तुम्हीच नको म्हणालात, भाऊसाहेब मंगळवारी सकाळपासून तुमचा नंबर फिरवत होते, एंगेजच लागत होता, मग साडेतीनला माझ्या शाळेच्या शेजारच्यांकडं फोन केला.

आम्रपालीने पेढा घेतला. खाल्ला. अभिनंदन म्हणाली. चहा केला. स्वप्ना मॅडमना कोपऱ्यापर्यंत सोडून आली.

मी म्हणत होतो की मंगळवारी एक्स्चेंजमध्ये काहीतरी बिघाड असावा. आबांनी फोनवरचा कागद काढून माझ्या हातात दिला. आम्रपालीने कपबशा विसळायला नेल्या. भांडली असती तर मला उत्तरं देता आली असती. चार-पाच तयार होती.

२६ जून, शनिवार
उत्तरं:
एक, भाऊसाहेबांनी शिपायाकडून चिठ्ठी पाठवायला हवी होती.
दोन, स्वप्ना मॅडमनी आधी विचारायला हवं होतं.
तीन, स्वीडनने वेळेवर यायला हवं होतं.

स्वयंपाकघरात जाऊन पहिलं उत्तर दिलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, बरं.

२७ जून, रविवार
वडूजच्या पलीकडं, शाळेजवळच आम्रपालीने खोली घेतली. बनाबाई म्हणून घरमालकीण आहे, एकटी असते, घरात फोन आहे. आम्रपाली म्हणाली, रोजचं जाणं आता होत नाही, शनिवार-रविवार बघू. म्हणजे आठवड्यातून दोन दिवस. मनात म्हटलं, ठीक आहे, पाच दिवस मला क्लास वाढवायला मिळतील. संध्याकाळची बॅच दुप्पट करायची.

मग आबांनी स्वतःची वळकटी बांधायला घेतली. तुम्ही कुठं? तर म्हणाले, तिकडं तिला च्या तरी करून दीन.

२८ जून, सोमवार
गेले दोघं. क्लासला सहा जण. थॉर्नमूर चालू केला नाही. एक वाजता केला. विहिरीजवळ ‘लोल’ उभा होता, अंगावर सोन्याचं चिलखत. मला ओळखलं नाही.

१ जुलै, गुरुवार
अंक आला. अकरा पानांतल्या चार ओळी. खाली नाव ‘प्रतिनिधी’.

४ जुलै, रविवार. दु. ४
शनिवारी ती येईल म्हणून भाजी आणून ठेवली होती. घर झाडलं. मॉडेम काढून अफताबकडं देऊन टाकला. हे तिला सांगायचं होतं. वाक्यही ठरवलं होतं.

आज अकराला आबा आले. एकटेच. कुकर आणि तिची लोखंडी कढई न्यायला. तिचा गुडघा बराय म्हणाले, शाळा आता चालत दहा मिनिटांवर. जेवायला बसा म्हटलं तर म्हणाले, तिनं डबा दिलाय. मग दोघांनी तोच डबा खाल्ला. मेथीची भाजी होती. ती कधी येणार असं मी विचारलं नाही. भांडी पिशवीत भरून स्टँडवर सोडायला गेलो.

गाडी लागल्यावर न राहवून विचारलं, निरोप काय? आबा खिडकीजवळ बसले, पिशवी मांडीवर घेतली. म्हणाले, निरोप न्हाई. फुडल्या वर्साच्या बदलीचा अर्ज भरून ठेवलाय तिनं आत्ताच. मलकापूरच मागितलंय.

मला इतका आनंद झाला की मी खिडकीचा गज धरला. म्हटलं, आबा, तिला सांगा, यंदा फोन मी मोकळा ठेवणार, वर्षभर, चोवीस तास.

आबा म्हणाले, आरं, अर्जात नंबर बनाबाईचा दिलाय.