शार्लटनले चहा पाजला त्याची हकीकत

सौ. देवकीले गिरिधरचा आशीर्वाद (तुले हसू येईल, पण नवऱ्यानं असंच लिहायचं असते). आपली लेक रोशनी न् तिचं बाळ खुशाल असतीलच. तुझी कंबर कशी आहे? फोनवर तुझ्यापेक्षा बाळच जास्त बोलते, म्हणून कागद घेतला.

इकडं एक भानगड झाली. धरमपेठेत भाजी घ्यायले गेलो, तर चंदन नावाचा एक माणूस स्टुलावर उभा राहून गुडघ्याचं तेल विकून राहिला होता. काय बोले वं! हिमालय, साधू, जडीबुटी. मी ऐकतच राहिलो (वांगी राहून गेली). तेवढ्यात आपले शेजारी रुपराव मास्तर आले अन् "शार्लटन! शार्लटन!" करून ओरडले. लोकांले वाटलं काही तरी पेटलं, सगळे पांगले.

मी म्हटलं, "मास्तर, म्हणजे काय जी?" त्यांनी रस्त्यातच वर्ग घेतला. इंग्रजीत भोंदू वैद्याले असं म्हणतात. शब्द मूळचा इटलीतला. तिकडं बडबड करण्याले जो शब्द आहे, त्यातून निघालेला. चौकात बडबडून औषधं खपवणारा, तो शार्लटन.

म्हणजे मूळ गुन्हा बडबडीचाच! मग मले त्याचा रागच येईना. तू गेल्यापासून आपल्या घरात कुकरशिवाय कोणी तोंड उघडत नाही. मास्तर गेले, तेव्हा चंदन एवढंसं तोंड करून बाटल्या पिशवीत भरत होता. मी म्हटलं, "चाल गा, चहा घे."

घरी चहासोबत भाकर अन् भिवापुरी मिरचीचा ठेचा दिला. तेवढ्यापुरता गप्प बसला (डोळ्यांतून पाणी). मग जो सुरू झाला! त्याची म्हैस, त्याचा साळा, सासऱ्याची कवळी. किती दिवसांनी हसलो असेन! जाताना मी तेल मागितलं, तर म्हणे, "काका, लावू नका. मोहरीच्या तेलात कापूर आहे नुसता." तरी एक बाटली ठेवून गेला. "वास चांगला येते," म्हणे.

तू घाई करू नको. बाळ मान धरेस्तोवर राहा. माझं मजेत चालू आहे.

तुझा गिरिधर

ता. क. मास्तर विचारून राहिले, घरातलं काही गेलं काय? पाहिलं. काही गेलं नाही.

आणखी ता. क. त्यानं विचारलं होतं, "काकू कुठं आहेत?" तू इथं नाही, हे माझ्या तोंडून निघेचना. सांगितलं, आत निजली आहे. मग बिचारा सगळं हळू आवाजात बोलला, अन् जाताना बंद दाराकडे पाहून "येतो काकू" म्हणाला. पोळ्याले पुन्हा येणार आहे. मले खोटं पाडू नको वं.