ब्लोअर आणि माझी दुपारची झोप

४ फेब्रुवारी

पुन्हा तेच! जेवून जरा पाठ टेकली की कानात घर्रर्र. नदीकाठच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातला तो ब्लोअर! मेला रात्रंदिवस चालतो, पण दुपारी माझ्या उशीतच शिरतो. गावाची घाण साफ करायची तर करा की, गाजावाजा कशाला? कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर म्हणायच्या — तक्रार करायची तर उभं राहून, पूर्ण वाक्यात. उद्या जातेच.

५ फेब्रुवारी

गेले. केंद्राचा मॅनेजर कोण निघावा? शेंबड्या! तिसरीत माझा विद्यार्थी होता. नाक सदोदित गळकं. आता फिरती खुर्ची, टेबलावर काच! पण मला बघताच ताडकन उभा, हात पाठीमागे.

“बाई, तुम्ही?”

झाडला त्याला. मध्येच म्हणतो, “पण बाई, टाकीत ते—”

“पण नाही नि बिण नाही. दुपारी मला झोप हवी.”

“हो, बाई.”

मुलं अशी घडवावी लागतात.

६ फेब्रुवारी

दुपारभर शांतता! कुंभकर्णासारखी झोपले.

२० फेब्रुवारी

ताईचा फोन. भावजी गेल्यापासून घर खायला उठतं म्हणे. “थोडे दिवस राहून बघते. जमलं तर तुझ्याकडेच राहीन.” मी वरवर म्हटलं, “ये की, खोली रिकामीच आहे.” फोन ठेवला आणि उगाचच सगळ्या उशांचे अभ्रे बदलले.

एकटीपुरता चहा टाकायचा कंटाळा आलाय. हे इथेच लिहिते, कुणाला सांगणार नाही.

१ मार्च

हा वास कसला?

५ मार्च

शी! नासकी अंडी परवडली! खिडक्या लावल्या, उदबत्त्या लावल्या, उपयोग शून्य. शेजारीण विचारते, “मावशी, तुमच्या माळ्यावर काही मेलंय का?” माझ्या माळ्यावर! नदीकडून येतोय वास, नाक आहे की शोभेचं?

आणि परवा ताई येतेय. तिचं नाक म्हणजे पोलिसांचं कुत्रं.

७ मार्च

ताई आली. दारातच रुमाल नाकाला. “अगं, तू गटारात राहतेस की काय?” बॅग उघडलीसुद्धा नाही. रविवारी पुतण्याकडे जाते म्हणाली. मी म्हटलं, “जा, कोण अडवतंय?”

रात्री जेवण गेलं नाही.

८ मार्च

गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका घेऊन केंद्रावर मोर्चा! मी सर्वांत पुढे. मागे ताई, रुमालासकट.

“गाव नासवलंस! लाज नाही वाटत?”

शेंबड्या उभा, हात पाठीमागे.

“बोल की! दातखीळ बसली?”

“बाई, टाकीत जिवाणू असतात. घाण तेच खातात. त्यांना सारखी हवा लागते, ती ब्लोअर देतो. रोज दुपारी तो बंद ठेवला, की ते गुदमरतात. मग वास सुटतो.”

“मग बंद कुठल्या गाढवाने ठेवला?”

त्याने जमिनीकडे बघितलं. “तुम्हाला झोप हवी होती ना, बाई.”

“अरे, मग तेव्हाच नाही का सांगायचं?”

“उलट उत्तर द्यायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. ताई! मग काय, अख्खा मोर्चा खिदळायला लागला. मी म्हटलं, “दात काढू नका. रांगेत घरी चला!”

९ मार्च

ब्लोअर सुरू. माझ्या झोपेचं खोबरं. ताई मात्र ढाराढूर! उठल्यावर म्हणते, “अगदी तुझ्या भावजींसारखा घोरतो गं तो. कितीतरी महिन्यांनी अशी झोप लागली.”

मी दोघींचा चहा टाकला.

रविवारचं जाणं पुढे ढकललंय.

२९ मार्च

वास पार गेला. ताईने बॅग उघडली. माझ्या कपाटातले सगळे चांगले हँगर लाटले! आणि वर म्हणते, “एवढे तुला लागतात कशाला?”

१६ एप्रिल

दुपारी ब्लोअर अचानक थांबला. दोघी दचकून जाग्या! ताई म्हणाली, “लाव फोन तुझ्या शेंबड्याला.” लावला.

“काय रे, झोपा काढतोस काय?”