झाडूने लिहिलेलं दीर्घायुष्य

२५ जानेवारी
सासरेबुवांनी आज जाहीर केलं की यंदा तेतला, आमच्या व्हिएतनामी नव्या वर्षाला, ते देवळाच्या भिंतीपाशी अक्षरं लिहायला बसणार नाहीत. छाती साथ देत नाही. नवं वर्ष लागलं की निम्मं नाम दिन्ह शहर त्यांच्या चटईपुढे रांग लावून वर्षाचं अक्षर मागून नेतं. कुणाला 'शांती' हवी, कुणाला 'भरभराट'. भिंतीवर जसं अक्षर लागेल तसं वर्ष जातं. आता चटई कुणाची? म्हणाले, "मला 'थो' लिहून दाखवा. ज्याच्या अक्षरात जीव दिसेल, चटई त्याची."
'थो' म्हणजे दीर्घायुष्य.
उमेदवार दोन. एक मी, जावई. दुसरी मेहुणी उयेन, जी लहानपणापासून त्यांची शाई घोटते आहे. शाई घोटणं वेगळं आणि कला वेगळी. बायकोला, थोआला, म्हटलं, चटई आपल्याच घरात येणार, उद्यापासून हेल्मेटचं दुकान तू बघ. ती म्हणाली, "अहो, दुकान मीच बघते."

२६ जानेवारी
निश्चय: कुंचला बंद. कुंचला काय, कुणीही धरतो. मी रोजच्या वस्तूंमधून अक्षर काढणार. फणी, दोडक्याची जाळी, खवले काढायची किसणी, टूथब्रश. नुसत्या खुणा करत जायचं, अक्षर आपोआप वर येतं. पहाटे पाचला उठून प्रॅक्टिस.

२७ जानेवारी
नऊला उठलो. रिमझिम होती. ओल्या हवेत शाई फुटते, त्यामुळे लवकर उठण्यात तसाही अर्थ नव्हता.

२८ जानेवारी
टूथब्रशने अप्रतिम परिणाम. टूथब्रश थोआचा निघाला. कलेसाठी घरच्यांनी एवढं करायलाच हवं.

३० जानेवारी
लाल कागद संपला. पांढऱ्यावर भागवलं; पांढरा सुतकाचा म्हणतात, पण कागद तो कागद. एकवीस 'थो' दारात दोरीवर वाळत घातले. शेजारच्या बे काकू आल्या, बघून थबकल्या, परत गेल्या आणि उदबत्तीचा पुडा घेऊन आल्या. थोआचा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "कधी गेले?"
मी दारामागून ऐकलं. काळं-पांढरं बघून माणूस इतका हलतो, याला म्हणतात ताकद. थोआने सगळे कागद उतरवले. वाऱ्याने फाटतील म्हणून असेल.

२ फेब्रुवारी
चुलीचा देव आज वर जातो, घराचा वर्षाचा जमाखर्च सांगायला. त्याच्या वाहनासाठी थोआने जिवंत कार्प मासा आणून टबात ठेवला होता. त्याची शेपटी पाहिली आणि मला सुचलं. असा जिवंत फटकारा कुठल्या कुंचल्यात आहे? शाईत बुडवून दोनच ओळी काढल्या. तिसरीला माशाने साथ दिली नाही.
तळ्यावर गेलो, रीतसर सोडला. आडवाच तरंगत राहिला. आजूबाजूची माणसं बाजूला सरकली. एक आजोबा म्हणाले, "तुमचा देव यंदा पायी जाणार म्हणायचा."
थोआने घरी आल्यावर टब तीनदा घासला.

४ फेब्रुवारी
सासरेबुवांना धाप वाढली. डॉक्टर येऊन गेले, बाहेर अंगणात उयेनशी बोलले. मी जवळ जाताच गप्प झाले. मला वाटतं अक्षराविषयी असेल. दडपण येऊ नये म्हणून माझ्यापासून लपवतात.
उयेनचा 'थो' त्यांच्या उशाशी लावलाय. कुंचल्याने काढलेला. नीटनेटका आहे. नीटनेटका, एवढंच म्हणेन.

७ फेब्रुवारी
जळक्या उदबत्तीच्या काड्या एकत्र बांधून पाहिलं. उत्तम रेघ येते, पण वास राहतो. माझ्या हातांना, उशीला, भाताला. थोआ जेवली नाही.
खरं सांगायचं तर मलाही थोडं कसंतरी झालं. सासरेबुवांनी एकदा तरी 'बरं आहे' म्हणावं, बाकी काही नको मला. लग्नाला चौदा वर्षं झाली, अजून म्हणाले नाहीत.

९ फेब्रुवारी
सापडलं. वर्षाची शेवटची झाडलोट करून थोआने झाडू उचलून ठेवला. आता तीन दिवस त्याला हात लावायचा नाही, नाहीतर घरातलं भाग्य बाहेर जातं. ते झाडणाऱ्यांसाठी. मी लिहिणार आहे. लिहिण्याला झाडणं कोण म्हणेल?

१० फेब्रुवारी, नवीन वर्ष
आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहावा.
पहाटेच सासऱ्यांकडे गेलो. वर्षाचं पहिलं पाऊल घरात ज्याचं पडेल तसं घराचं वर्ष जातं, म्हणून त्यांनी गिरणीतले एक धडधाकट गृहस्थ ठरवले होते. आईवडील हयात, तीन मुलगे. ते यायच्या आत पोचलो. सरप्राइज.
खोली लांबट. कागद पलंगापासून उंबऱ्यापर्यंत अंथरला. झाडू बादलीभर शाईत. मग एकाच दमात, पलंगाकडून दाराकडे, सपासप. उयेन दार अडवून उभी राहिली. अगदी हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, पाया पडते, झाडू खाली ठेवा." हरायची वेळ आली की माणूस असाच नम्र होतो.
सासरेबुवा बघत होते. मग हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, खोकला थांबल्यावर परत हसले. म्हणाले, "उयेन, दार उघड. एवढं झाडलंय त्यांनी, अर्ध्यात अडकायला नको."
मग माझ्याकडे वळून: "जावईबापू, चटई तुमची."
उयेन रडली. मी मोठ्या मनाने तिच्याकडे पाहिलं नाही. गिरणीवाले गृहस्थ दारापर्यंत आले होते, शाई बघून आल्या पावली परत गेले.

११ फेब्रुवारी
सासरेबुवांनी पेज घेतली नाही. निवांत दिसतात. माझ्या अक्षराचा परिणाम.

१२ फेब्रुवारी
सासरेबुवा गेले. पहाटे.
मी रडलो, खरंच रडलो. कोणी जवळ आलं नाही. बे काकू उदबत्ती घेऊन आल्या आणि या वेळी त्यांनी कधी गेले ते विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी
थोआ माहेरीच आहे. मी गेलो तर म्हणाली, "तुम्ही अंगणातच बसा." अंगणात बसलो. दिवसभर पाऊस होता. झाडूचा काही संबंध नाही, धाप तर महिनाभर होती. हे डॉक्टरही सांगतील. विचारायला गेलो तर ते कामात होते.

२४ फेब्रुवारी
पहिली पौर्णिमा. देवळात रेटारेटी. भिंतीपाशी चटई अंथरून बसलो. समोर कागद, शाई, फणी, किसणी. कपाळाला सुतकाची पांढरी पट्टी. मोठ्या जावयाने ती बांधायलाच हवी.
कोणी आलं नाही. एक बाई नातवाला घेऊन येत होती, पट्टी दिसताच पोराला उचलून लांबून गेली. दुपारी एका तरुणाने विचारलं, "काका, उठताय का? स्कूटर लावायची होती."
उयेन भाताचा डबा घेऊन आली. थोआने पाठवला होता. बसली नाही. मी म्हटलं, लोक आज जरा बिचकतायत, उद्या येतील. ती म्हणाली, "भाऊजी, सुतकातल्या घरचं अक्षर कोण भिंतीवर लावणार? सुतक तीन वर्षांचं, तोवर कुणी येणार नाही. बाबांना माहीत होतं."
काय माहीत होतं?
"नवीन वर्षाच्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी खूप रडले. तेव्हा म्हणाले, वेडे, मी काही हा महिना काढत नाही. त्यांना बसू दे चटईवर, तेवढीच हौस. तू तोवर घरी सराव कर. सुतक फिटलं की माग."
मी डब्याचं झाकण परत लावलं. मग विचारलं, माझ्या अक्षराबद्दल काही म्हणाले का.
म्हणाली, "नाही."