तुटायला बांधलेली गाठ

आबा, तुमच्या नातीनं होडी घेतली आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही, ती तुमच्यानंतर खूप वर्षांनी झाली. इच्छापोरच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करते, आणि रविवार जवळ आला की तिला नदी दिसायला लागते, तुम्हाला दिसायची तशी. होडी लाकडाची नाही. पिवळ्या प्लास्टिकची, एका माणसापुरती. कयाक म्हणतात तिला. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर ती आडवी पडली आहे आणि येणारा-जाणारा थट्टा केल्याशिवाय पुढे जात नाही. समोरचे शेठ काल म्हणाले, "काका, आ वखते खाडीनुं पाणी आवे तो अमने पण बेसाडजो!" पावसाळ्यात खाडी आमच्या गल्लीत शिरते, तेव्हा आम्हालाही होडीत बसवा ही थट्टा अगदीच खोटी नाही. मी हसलो, पण लक्ष माझं नांगराच्या दोराकडे होतं. मासे धरायचे तर होडी एका जागी उभी राहायला हवी, आणि तो नांगर बसवायचं काम तिनं माझ्यावर टाकलं आहे. म्हणाली, "पप्पा, गाठी तुम्हीच मारा. तुमचा हात बसलाय." आजोबा नदीत गेले एवढंच तिला ठाऊक आहे. बसलेला हात कुणाचा, ते ठाऊक नाही.

मला तो हात अजून दिसतो. यंत्रमागांच्या दोन रांगांमधली अरुंद बोळ, तेलाचा वास, कानठळ्या बसवणारा ठेका. त्या ठेक्यात मी शाळेतल्या कविता बसवून म्हणत असे. गोंगाटात कुणाला ऐकू जात नाही, म्हणून अगदी मोठ्यानं. ताण्यातला धागा तुटतो, माग थांबतो. तुम्ही वाकता, तुटलेली दोन टोकं चिमटीत धरता, आणि मला दिसायच्या आत गाठ पडलेली असते. बारीक, घट्ट, फणीतून अडखळल्याशिवाय जाणारी. माझी गाठ एकदा सुटली आणि कापडात डाग पडला, तेव्हा तुम्ही माझा कान धरून ओरडलात, "कविता म्हनी ऱ्हायना का गाठ मारी ऱ्हायना? कापड फाटी जाई पोऱ्या, पन गाठ सुटाले नको!" मग माझ्या मागे उभे राहिलात, माझ्या बोटांवर तुमची बोटं ठेवलीत, आणि ती बोटं जणू परत काढून घ्यायचं विसरूनच गेलात. परवा ओट्यावर दोराचं टोक वळवताना मानेवर बिडीचा वास आला. गल्लीत कुणी बिडी ओढत नव्हतं. मी मागे वळून पाहिलं नाही. गाठ पुरी होईपर्यंत वळायचं नाही, ही सवयही तुमचीच.

सुट्टीच्या दिवशी तुम्ही तापीवर जायचात. तुमच्या ओळखीचा एक सुरती माछी, म्हणजे तिथला कोळी, त्याची जुनी होडी द्यायचा. तुम्ही म्हणायचात, "हाई आपलीच तापी शे. आपलामांगे चालत उनी." खानदेशातून पोटासाठी निघालेल्या माणसामागे त्याची नदीही निघाली, असं म्हणणाऱ्याला कविता कळत नव्हती, यावर माझा आता विश्वास बसत नाही. नांगर म्हणून तुमच्याकडे मागावरचं टाकून दिलेलं लोखंडी वजन होतं. त्याचा दोर तुम्ही होडीच्या मधोमध, बसल्या जागी हाताला लागेल असा, आडव्या लाकडाला बांधायचात. आणि गाठ? गाठ अर्थातच मागावरची. नावाड्यानं तशी गाठ कधी मारली नसती. त्याची गाठ एका झटक्यात सुटते, कारण त्याला पाण्याची भीती ठाऊक असते. तुम्हाला ठाऊक होती ती तुटलेल्या धाग्याची.

त्या दिवशी भरती आली तेव्हा मी काठावर नव्हतो, मला नंतर बोलावून नेलं. पाणी खालून वर चढतंय, होडी आडवी वळली आहे, वजन तळाच्या खडकात अडकलं आहे आणि मधोमध बांधलेला दोर होडीची कड पाण्याखाली ओढतोय. हे सगळं मी पाहिलेलं नाही, तरी रोज पाहतो. तुम्हाला पोहता येत होतं. उडी मारली असती तर काठ लांब नव्हता. पण होडी परक्याची, ती सोडून यायचं तुमच्या मनात आलं नसणार. पालथी होडी बाहेर ओढली तेव्हा दोर कोयत्यानं तोडावा लागला. गाठ तशीच होती. फक्त तिच्यावरचे काथ्याचे तंतू उपसून आले होते, नखांनी उकरल्यासारखे. माछी म्हणाला, "आवी गांठ कोणे मारी?"

आता नातीच्या होडीचं ऐका. होडीच्या एका कुशीला, नाकाशी आणि शेपटीशी, आम्ही एकेक छोटी कप्पी बसवली. दोन्हींतून दोरीचा एक वेढा फिरतो आणि त्या वेढ्यात एक कडी आहे. नांगराचा दोर या कडीतून जातो. बसल्या जागी वेढा ओढला की कडी नाकाकडे नाहीतर शेपटीकडे सरकते, म्हणजे होडी धारेला आडवी होत नाही. दोराचं टोक बसायच्या जागेजवळच्या खाचेत नुसतं दाबून ठेवायचं, बांधायचं नाही; त्या टोकाला लाल गोळा आहे, तो तरंगतो. वेळ आली तर सगळं सोडून द्यायचं आणि मागाहून येऊन उचलायचं. पहिल्यांदा मी ते टोक बांधूनच टाकलं होतं. तिनं ओढून पाहिलं, दात लावून पाहिलं, मग म्हणाली, "पप्पा, तमे गांठ मारी के ताळुं मार्युं?" गाठ नाही, कुलूपच.

पण खरी गोष्ट नांगराशीच आहे. चार पंजांचा, घडीचा, लहानसा नांगर. दोर त्याच्या वरच्या कडीत बांधतील असं मला वाटलं होतं. तसं नाही. दोर खाली, पंजांच्या बुडाशी पक्का बांधायचा, दांड्याच्या अंगानं वर आणायचा आणि वरच्या कडीला नुसत्या बारीक धाग्यानं अडकवायचा. नांगर खडकात अडकला आणि जोरानं ओढलं की तो धागा तुटतो, ओढ बुडाशी जाते आणि नांगर उलटा होऊन सुटून येतो. म्हणजे एक गाठ मुद्दाम कच्ची मारायची. आबा, माझी बोटं ऐकेनात. तीन पदरी धागा घ्यायचो, ती एक पदरी करायला लावायची. "अजून कच्ची," ती म्हणायची, "अजून." शेवटी मारली. तुम्ही माझा कान धरला नाहीत.

आज रविवार. तापीवरच्या कॉजवेच्या, म्हणजे बंधाऱ्याच्या, वरच्या अंगाला पाणी संथ असतं, तिथं तिनं होडी घातली. मी काठावर छत्री घेऊन बसलो. बऱ्याच वेळानं निघायला म्हणून तिनं दोर ओढला, तर नांगर येईना. "पप्पा, फसला!" ती ओरडली, आणि तिला त्यात गंमतच वाटत होती. काही भीती नव्हती. दोर खाचेतून सोडून दिला की झालं. तरी मी उभा राहिलो. तिनं परत ओढला. दोर ताठ झाला, पिवळं नाक खाली वाकलं. मग धागा तुटल्यासारखा एक हिसका बसला आणि नांगर चिखल गाळत वर आला. "सुटला! पप्पा, जोयुं? तुमची गाठ तुटली!" तिनं तो हातात धरून मला दाखवला. मी छत्री हलवली.

गावाकडून आलेली पत्रं तुम्हाला मीच वाचून दाखवायचो. हे पत्र वाचून दाखवायलाही तिकडे मलाच यावं लागेल, आणि तेवढी घाई मला अजून नाही. म्हणून कागद घडी करून उशीखाली ठेवतो. फक्त एक सांगायचं राहिलं. दोर ताठ झाला आणि अजून काही तुटत नव्हतं, तेव्हा तिच्यासाठी मी घाबरलो होतो हे खरं, पण त्या भीतीच्याच पोटात मला वाटून गेलं की ही गाठ टिकावी. ती टिकली असती तर पक्की गाठ मारण्यात तुमची चूक नव्हती असं मला म्हणता आलं असतं. पोर माझी पाण्यात होती, आबा, आणि तेवढा वेळ मी तुमच्या बाजूनं उभा होतो.