पेटीचं दार

प्रिय आईस,
तुझ्या उतावळ्या धाकटीचा नमस्कार.

जमलं एकदाचं. पेशी जिवंत राहायला सदतीस अंशांची ऊब लागते, म्हणून आम्ही सूक्ष्मदर्शकाभोवती पेटी बसवलीय. तरी आठवडाभर चित्र सारखं धूसर व्हायचं. पेटी गार तर पडली नाही ना, हे बघायला मीच दर दहा मिनिटांनी दार उघडत होते, आणि गार हवा आत शिरली की भिंग जरासं सरकायचं. ‘सारखं झाकण काढू नकोस, वाफ जाते,’ हे तुझं ओरडणं आठवलं. काल हाताची घडी घालून बसले, आणि एका पेशीच्या दोन होताना लख्ख दिसल्या. मी चक्क नाचले.

तुझी शाल सध्या पेटीवर आहे. मला थंडी वाजत नाही, खरंच.

बाबांचा ताप कसा आहे? ‘बरे आहेत’ असं लिहू नकोस, आकडा लिही.

तुझीच,
धाकटी